दोन थरांच्या रनिंग शॉर्टमध्ये फोनचा खिसा कसा शिवावा, म्हणजे चारचौघांत वरचा थर उचलावा लागणार नाही?

धावणाऱ्या ग्रुपसाठी अशा शॉर्ट शिवताना तुमची अडचण अशी आहे की खिसा आतल्या टाइट्सना लावला तर फोन काढायला शिवाजी पार्कच्या कट्ट्यासमोर वरची शॉर्ट उचलावी लागते, आणि बाहेरच्या थराला लावला तर धावताना फोन मांडीवर आपटत राहतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: वजन आतल्या थरावरच ठेवा, हात घालायची वाट मात्र बाहेरच्या थरातून काढा. बाहेरचं कापड सैल असतं, त्यात दोनशे ग्रॅम टाकले की ते झुलणारच, खिसा कितीही सुबक शिवला तरी.

आधी आतला खिसा. फोन कव्हरसकट मोजा. समजा साडेसहा इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद आहे. शिवून झाल्यावर खिशाची रुंदी बरोबर सव्वातीनच हवी, लूजिंग, म्हणजे सैलपणासाठी सोडलेलं जास्तीचं माप, अजिबात नको. टाइट्स अंगावर चढली की कापड ताणून खिसा आपोआप रुंद होतो आणि फोनच्या जाडीला तेवढं पुरतं. इथे बहुतेक जण अर्धा इंच जास्त सोडतात, आणि मग फोन आत हलतो. खोली सव्वासात इंच ठेवा, म्हणजे फोन तोंडापासून पाऊण इंच खाली राहील. शिलाईला तिन्ही बाजूंनी पाव इंच आणि वर दुमडीला एक इंच धरून तुकडा पावणेचार बाय साडेआठ इंच कापा. जास्त ताण आडवा, म्हणजे मांडीभोवती, यायला हवा. तुकडा चुकून उभ्या ताणाचा कापला तर फोनच्या वजनाने खिसा लोंबतो आणि तो परत वर येत नाही.

कापड टाइट्सचंच घ्या. नवीन घेणार असाल तर मंगलदास मार्केटमध्ये दोन्हीकडे ताणणारं, म्हणजे ‘फोर वे’ लायक्रा मागा. घेताना मुठीवर ताणून उजेडात धरा. बोटं दिसली तर ते कापड नको.

खिशाचं तोंड कंबरेपासून सात इंच खाली ठेवा. त्याहून वर गेलं तर फोन खुब्याच्या सांध्यावर येतो आणि पाय उचलला की त्याची कड टोचते. खिशाचा मध्य बाजूच्या रेषेपासून इंचभर मागे घ्या. पुढे आला तर बसताना फोन मांडीवर आडवा पडतो. एवढ्या जागेसाठी टाइट्सची आतली शिवण, जांघेपासून खाली, किमान सहा इंच लांब हवी. चार इंची टाइट्समध्ये फोनचा खिसा बसवायचा हट्ट करू नका.

तोंडाच्या दुमडीत पाव इंची इलास्टिक घाला, खिशाच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच कमी कापून. वरून झाकण लावायचा मोह होतो, पण मग फोन काढायला दोन हात लागतात, म्हणून मी ते टाळते. खिसा टाइट्सच्या पायाचं कापड सपाट असतानाच, आतली शिवण बंद करायच्या आधी बसवा. सुई ११ नंबरची, बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची. साध्या सुईने लायक्रावर टाके सुटतात. टाका झिगझॅग घाला. सरळ टाका घातला तर पहिल्याच बैठकीला धागा कट्‌कन तुटतो. शिवताना कापड ओढू नका, लाटा पडतात. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांखाली न ताणणाऱ्या टेपचा छोटा तुकडा ठेवून टाका पक्का करा, कारण कापड फाटायला सुरुवात तिथूनच होते.

आता बाहेरची वाट. बाहेरच्या शॉर्टची बाजूची शिवण कंबरेखाली तीन इंचांपासून नऊ इंचांपर्यंत उघडी ठेवा. दिसायला तो नेहमीचा साइड पॉकेट, फक्त पिशवी नसलेला. हात सरळ आत जातो आणि फोन वर ओढून बाहेर येतो. फट आणखी वर ठेवली तर हात खिशापर्यंत पोचत नाही, खाली नेली तर वाऱ्याने उघडते.

फट झाकण्यासाठी मागच्या भागाला त्याच कापडाची दीड इंच पट्टी जोडा, जी पुढच्या भागाखाली सरकेल. पुढच्या कडेला हलकं फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा, नाहीतर ती मुडपून बाहेर वळते. फटीच्या दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे दाट झिगझॅगचा पक्का टाका, हवाच. आतली टाइट्स बाहेरच्याच रंगाची घ्या. चुकून फट उघडली तरी लक्ष जात नाही. काळ्यावर पोपटी आकर्षक दिसतं, पण तुमची गरज वेगळी आहे.

कंबरेचं इलास्टिक दीड इंच रुंद घ्या आणि नाडी ठेवाच. फोनचं वजन शेवटी कंबरेवरच येतं. किल्ली फोनच्या खिशात नको, काचेला ओरखडे पडतात. तिच्यासाठी कंबरपट्टीच्या आत, मागे मधोमध, साडेतीन बाय तीन इंचांचा खिसा करा. त्याला आडवी नायलॉन चेन. एटीएम कार्डही त्यात मावतं. धातूची चेन घामाने आणि खाऱ्या हवेने खराब होते.

मुंबईच्या दमट हवेत टाइट्स लवकर भिजते, फोनलाही ओल लागते. खिशाला रेनकोटच्या कापडाचं पूर्ण अस्तर लावलंत तर ताण मरतो. लावायचंच असेल तर त्वचेच्या बाजूने, फक्त तळाला शिवून, कडा मोकळ्या सोडा. सोपा उपाय म्हणजे झिपची पातळ प्लास्टिक पिशवी. फोन उलटा घाला, चार्जिंगचं भोक वर. घाम खाली उतरतो.

ग्रुपमधल्या बाकीच्यांसाठी कापड कापण्याआधी एक नमुना घालून पाहा. आरशासमोर उकिडवं बसा, मांडी घाला, स्टेशनच्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढा, मग जागेवर वीस उड्या मारा. बसल्यावर फट उघडली तर पट्टी दोन इंच करा. उड्यांत फोन हलला तर खिशाची एक बाजू उसवून पाव इंच आत घ्या. इलास्टिक घट्ट करून तो हलायचा थांबत नाही.