फळमाशीत हार्मोन कसं काम करतं, हे जनुकांवरून कसं शोधतात?

एखादं जनुक बिघडवायचं आणि माशीचं काय अडतं ते पाहायचं. फळमाशीच्या अळीला कात टाकायला, कोषात जायला एक्डायसोन हे स्टेरॉइड हार्मोन लागतं. फँटम, शॅडो अशी भुताटकीची नावं असलेली ‘हॅलोवीन’ जनुकं बंद पडली की भ्रूणाचं बाहेरचं कवच नीट बनत नाही आणि तो मरतो; कारण एक्डायसोन तयार करणारी एन्झाइम याच जनुकांवरून बनतात.

पण भ्रूणच मेला तर पुढच्या वयातलं काम कसं कळणार? तिथे १९९३ सालची गॅल४-यूएएस पद्धत कामी येते. यीस्टमधून घेतलेल्या या स्विचने हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं हार्मोनचा संदेश पकडणारं प्रथिन, फक्त पंखात किंवा ठराविक चेतापेशींतच निकामी करता येतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते: हार्मोन शरीरभर फिरतं, पण त्याचं कोणत्या पेशींनी ऐकायचं ते आपण ठरवतो.