जांभ्यातली वाट आणि चुनखडीतली वाट

प्रश्न : आम्ही देवरूखचे काही मित्र मार्लेश्वरच्या बाजूचे रान, बाव नदीचे खोरे आणि सड्यावरच्या ढोरवाटा नेहमी तुडवतो. येत्या हिवाळ्यात मेघालयात चेरापुंजीच्या आसपास काही दिवस पायी फिरण्याचा बेत आहे. तिकडे चुनखडीचे डोंगर आणि गुहा आहेत, असे कळते. आपल्याकडच्या चालण्याची सवय तेथे कितपत उपयोगी पडेल?
– एक वाचक, देवरूख

उत्तर : पायांची सवय पूर्ण उपयोगी पडेल, पाणी शोधण्याची सवय मात्र घरी ठेवून जावे लागेल. सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा, जांभा हा तांबडा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते, त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला, उतारावर, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच सडा ओसाड आणि वाड्या, विहिरी, देवरहाट्या (देवराया) उतारावर किंवा पायथ्याशी, असे चित्र कोकणात जागोजागी दिसते. सड्यावर घसा कोरडा पडला की पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) धरून खाली उतरायचे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. घाटाकडच्या काळ्या कातळात लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यावर पाणी पाझरते, त्यामुळे कड्याच्या पोटात खोदलेले टाके पाहून जाणता भटक्या तो सांधा ओळखतो.

चुनखडीत पाण्याचा व्यवहारच निराळा असतो. पावसाचे पाणी हवेतील आणि विशेषतः मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवते. आधी फट रुंदावते, मग तिची नळी होते आणि हजारो वर्षांनी त्या नळीची गुहा होते. वरच्या जमिनीला खळगे पडतात, आणि भरल्या अंगाने वाहणारा ओढा एखाद्या विवरात शिरून असा नाहीसा होतो, की तो पुढे कोठे बाहेर आला हे स्थानिक माणसानेच दाखवावे. मेघालयात जयंतिया टेकड्यांमधील क्रेम लियात प्राह या गुहेची मोजलेली लांबी ३० किलोमीटरांहून अधिक आहे, यावरून जमिनीखाली पाण्याने केवढा पसारा मांडला आहे, याची कल्पना यावी. (तेथील प्रत्येक गुहा चुनखडीचीच असते असे मात्र नाही, क्रेम पुरी ही सुमारे २४.५ किलोमीटर लांबीची प्रसिद्ध गुहा वालुकाश्मातील आहे.)

तेव्हा नकाशावर ओढ्याची निळी रेघ दिसली म्हणून बाटल्या रिकाम्या घेऊन निघू नये. चेरापुंजीजवळच्या मौसिनरामला वर्षाकाठी सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरीही त्या पठारावर हिवाळ्यात पाणीटंचाई असते. ३,००० मिलिमीटर पाऊस झेलून मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणी माणसाला याचे नवल वाटू नये. तीव्र उतार, मातीचा पातळ थर आणि पाणी धरून न ठेवणारा खडक ही कारणे दोन्हीकडे सारखीच लागू पडतात. गुहेच्या तोंडातून येणारे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. जांभ्यातून सावकाश झिरपणारे पाणी वाटेत थोडेफार गाळले जाते. चुनखडीच्या नळीतून वाहणारे पाणी वरच्या गावातील घाण जशीच्या तशी आणि फार लवकर खाली आणते.

पायाखालच्या जमिनीविषयीही सावध असावे. उघडी चुनखडी कोठे सुरीच्या धारेसारखी, तर जेथे माणसांची वर्दळ आहे तेथे झिजून गुळगुळीत झालेली असते, आणि झुडपांनी झाकलेले खळगे वाट सोडणाऱ्याला दिसत नाहीत. मौसमाईची गुहा लहान आणि दिव्यांनी उजळलेली असल्यामुळे तेथे कोणीही जाऊ शकतो. इतर गुहांत स्थानिक वाटाड्या, प्रत्येकाच्या डोक्याला दिवा आणि एक जादा दिवा यांशिवाय शिरू नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. आतील चुन्याच्या स्तंभांना हात लावण्याचा मोह टाळावा. चेरापुंजीजवळच्याच मॉमलूह गुहेतील अशा एका स्तंभाच्या थरांवरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाची सीमा ठरवण्यात आली आणि २०१८ साली त्या कालखंडाला मेघालयाचे नाव मिळाले.

नाँगरियाटच्या खोऱ्यातील मुळांचे पूल पाहणार असाल, तर ३,००० हून अधिक पायऱ्या आधी उतराव्या आणि परतताना चढाव्या लागतात. रबराच्या जातीच्या वडाची जिवंत मुळे ओढ्यापलीकडे नेऊन तयार केलेले हे साकव पाहण्यासारखे आहेत. तेथे एक मुक्काम करावा. त्याच दिवशी परत चढण्याचा हट्ट गुडघ्यांना महाग पडतो.

प्रश्न : राजापूरची गंगा अचानक प्रकटते आणि काही काळाने लुप्त होते. येथे चुनखडीच्या गुहा असल्याशिवाय असे घडणार नाही, असे आमच्या एका शिक्षक मित्रांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे काय?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : आपल्या मित्रांचा तर्क चांगला आहे, खडक मात्र जुळत नाही. थांबून थांबून वाहणारे झरे चुनखडीच्या मुलखात प्रसिद्ध आहेत. पण राजापूर परिसरात वर जांभा आणि खाली लाव्हापासून बनलेला कातळ आहे. आपल्या राज्यात सिमेंटजोगी चुनखडी मिळते ती चंद्रपूर-यवतमाळकडे, आणि कोकणात जुन्या बांधकामासाठी चुना हवा असे तेव्हा तो शिंपले भाजून केला जाई. गंगेच्या बाबतीत सामान्यतः दिले जाणारे स्पष्टीकरण वक्रनलिकेचे आहे : जमिनीतील पोकळी ठराविक पातळीपर्यंत भरली, की वाकड्या नळीसारख्या मार्गातून पाणी वाहू लागते आणि पोकळी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. अशी पोकळी जांभ्यातही असू शकते, कारण त्यातील मऊ माती वाहून गेल्याने आत बोगदे तयार होतात. पायी जाणाऱ्याने गंगातीर्थाला जोडूनच अर्जुना नदीकाठच्या उन्हाळे गावातील गरम झऱ्याची जागा पाहावी आणि हाताशी दिवस असेल, तर मृडानी नदीकाठच्या धूतपापेश्वरापर्यंत जावे.

प्रश्न : मे महिन्यात सगळे पऱ्ये (लहान ओढे) आटतात, तरी वाशिष्ठी वाहती असते. मुलांना घेऊन तिच्या पात्रातून चालत जाण्याचा विचार आहे. ते सुरक्षित आहे काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पात्रातून नको, काठाने जावे. मे महिन्यातील वाशिष्ठीचे पाणी प्रामुख्याने कोयनेचे आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडे अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरवून त्यावर पोफळीच्या बाजूला वीज निर्माण केली जाते आणि ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडले जाते. वीजनिर्मिती मागणीप्रमाणे कमी-जास्त होत असल्यामुळे आकाशात ढगाचा ठिपका नसतानाही पात्रातील पाणी वाढू शकते, आणि सकाळी ज्या दगडांवरून मुले उड्या मारत पलीकडे गेली ते दगड परतताना पाण्याखाली गेलेले असू शकतात. चिपळूणच्या खालच्या अंगाला, गोवळकोटकडे, भरती-ओहोटीचाही हिशेब ठेवावा लागतो. पात्रच हवे असेल तर कोयनेचे पाणी न मिळणारी एखादी लहान उपनदी निवडावी. तेथे मे महिन्यात डोह उरतात, पण त्यांची खोली गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कोणाला पाण्यात उतरू देऊ नये.

मुले बरोबर आहेत म्हणून आणखी एक सूचना. काठावरील आणि सड्यावरील सुटे दगड, तसेच जांभ्याचे गडगे (रचीव दगडांची कुंपणे), ही फुरसे या विषारी सापांची आवडती जागा असते. मुलांना दगड उलटे करू देऊ नये आणि सर्वांच्या पायांत घोटा झाकणारे बूट असावेत. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून आवळणे यांत वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णाला उचलून थेट दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, पण ते प्रत्येक ठिकाणी शिल्लक असेलच असे धरून चालू नये. वाटेवरच्या कोणत्या आरोग्य केंद्रात ते आहे, याची फोनवरून आदल्या दिवशीच चौकशी करून ठेवावी.