नाझिया हसन त्या सीडीत कशी आली?

प्रश्न : मी ५६ वर्षांचा, सांगलीला असतो. कॉलेजात असताना वहीत यादी करून दुकानात द्यायचो आणि नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणायचो, तेव्हापासून गाण्याचा नाद. आता मोबाइलवर ऐकतो पण अ‍ॅप तेच तेच पुढे करतं, एकदा किशोर लावला की दिवसभर किशोरच. मागच्या महिन्यात मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने एक सीडी दिली, ‘लेट नाइट टेल्स’, ख्रुआंगबिन नावाच्या अमेरिकन बँडने निवडलेली गाणी. स्पॅनिश, कोरियन, जपानी, आफ्रिकन असं काय काय आहे त्यात आणि सुरुवातीलाच आपली नाझिया हसन! हे कुणी आणि का एकत्र केलं ते कळेना. आणि ऐकायचं कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, मुलीने फार छान वस्तू दिलीय तुम्हाला, कारण या सीडीमागे एक गोष्ट आहे आणि ती कळली की ऐकण्यातली मजा दुप्पट होते.

‘लेट नाइट टेल्स’ ही इंग्लंडमधली मालिका आहे, २००१ पासून चालू. पद्धत साधी. प्रत्येक वेळी एका कलाकाराला बोलवायचं आणि सांगायचं की रात्री उशिरा घरी बसून तू काय ऐकतोस ती गाणी दे. स्वतःची हिट गाणी नाहीत, दुसऱ्यांची. बहुतेक वेळा तो एक जुनं गाणं स्वतः नव्याने करून त्यात घालतो आणि शेवटी कुणीतरी काही वाचून दाखवतं किंवा गोष्ट सांगतं, म्हणून नावात ‘टेल्स’.

आता २०१३ मध्ये ही यादी करायचं काम बोनोबोकडे आलं. बोनोबो म्हणजे सायमन ग्रीन, इंग्लंडचा इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. त्याच्या यादीत अमेरिकन गायिका नीना सिमोन होती, बिल एव्हान्सचा १९५८ चा पियानो होता (‘पीस पीस’ नावाचा तुकडा, डावा हात तेच दोन कॉर्ड तानपुऱ्यासारखे धरून ठेवतो आणि उजवा हात मोकळा फिरतो, हा एकदा तरी ऐकाच), हार्पवर (उभं, मोठं तंतुवाद्य) जॅझ वाजवणारी डोरोथी अ‍ॅशबी होती. आणि या सगळ्या मोठ्या लोकांच्या शेजारी त्याने टेक्सासच्या ह्यूस्टनमधल्या एका बँडचं गाणं ठेवलं ज्याचा तोपर्यंत एकही अल्बम आला नव्हता. तोच हा ख्रुआंगबिन.

ओळख कशी झाली तर २०१० मध्ये त्यांच्यातली बेस (खालच्या सुरांची गिटार) वाजवणारी लॉरा ली आणि गिटारवाला मार्क स्पीअर दुसऱ्याच एका कलाकाराच्या साथीला टूरवर होते आणि ती टूर बोनोबोबरोबरची होती. साथीदार म्हणून गेले, ओळख राहिली, पुढे स्वतःचं वाजवलेलं पाठवलं आणि बोनोबोला ते आवडलं, एवढंच. ते गाणं यादीत आलं, लोकांनी विचारलं हे कोण, आणि त्याच मालिकेच्या जोडीच्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) त्यांना करारबद्ध केलं. २०१५ मध्ये पहिला अल्बम आला, टेक्सासमधल्या बर्टन नावाच्या छोट्या गावातल्या धान्याच्या कोठारात रेकॉर्ड केलेला. आणि डिसेंबर २०२० मध्ये चक्र पूर्ण फिरून यादी करायची पाळी त्यांच्यावर आली. तुमच्या हातात आहे ती हीच. म्हणजे जो बँड अशा सीडीतून लोकांना सापडला त्याच बँडने निवडलेली ही सीडी आहे, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांनी इतकी अनोळखी नावं इतक्या प्रेमाने घातली असणार. एका गाण्याने काय होऊ शकतं ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

नाझियाचं आता बघा. तुम्ही शाळेत असाल तेव्हा, १९८० ला ‘कुर्बानी’ आला आणि ‘आप जैसा कोई’ प्रत्येक गणपतीत वाजलं. ती तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची, कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये राहणारी, आणि संगीत मूळच्या बंगळुरूच्या बिड्डूचं. आपण ते गाणं म्हणून ऐकलं, म्हणजे चाल, शब्द, आवाज, झीनत अमान. ख्रुआंगबिनवाले बहुतेक वेगळंच ऐकत असणार. या बँडमध्ये गाणं कमी असतं, सगळा डोलारा बेस आणि ड्रमवर उभा असतो आणि गिटार वर हलकेच बोलत राहते. बँडचं नावसुद्धा थाई आहे, अर्थ विमान, कारण साठ-सत्तरच्या दशकातल्या जुन्या थाई गाण्यांचं त्यांना वेड. त्यामुळे या सीडीतलं नाझियाचं ‘खुशी’ लावलंत की एकदा आवाज सोडून द्या आणि फक्त खालचा बेस पकडा. मी स्वतः असं केलं तेव्हा चाळीस वर्षं ओळखीचा असलेला आवाज बाजूला झाला आणि त्याच्या खाली केवढं काय चाललंय ते पहिल्यांदा कळलं. मला ही या यादीची सगळ्यात मोठी देणगी वाटते, अनोळखी गाणी तर मिळतातच पण आपलं ओळखीचं गाणं दुसऱ्याच्या कानाने परत ऐकायला मिळतं.

ऐकायचं कसं विचारलंत तर पहिल्यांदा नावं न बघता सलग ऐका, रात्री जेवणं झाल्यावर, मधलं काही न गाळता. यात क्रम फार विचार करून लावलेला असतो, एक गाणं संपताना जो मूड आहे तो पुढच्याने उचललेला असतो. मग दुसऱ्या दिवशी कव्हर हातात घ्या आणि जिथे कान थांबला होता तेवढीच दोन-तीन नावं लिहून ठेवा. दोन-तीनच, जास्त नको. मग त्यातल्या एकाचा पूर्ण अल्बम शोधा. कोरियन गाणं आवडलं असेल तर तो सानुल्लिम बँड, तीन सख्खे भाऊ, पहिला अल्बम १९७७ चा, पुढे भरपूर ऐकायला आहे. सुरुवातीलाच कार्लोस सॅन्टाना आणि अ‍ॅलिस कोल्ट्रेन आहेत, त्यांच्या नावांमागे ‘देवदीप’ आणि ‘तुरिया’ लावलेलं दिसेल, ती त्यांनी घेतलेली आध्यात्मिक नावं, तिथून अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या वाटेला लागलात तर तानपुरा आणि हार्प एकत्र वाजताना भेटतील. आणि ‘समर मॅडनेस’ हे कूल अँड द गँगचं १९७४ चं गाणं ख्रुआंगबिनने स्वतः वाजवलंय, ते आणि मूळचं पाठोपाठ ऐका, त्यांनी काय ठेवलं आणि काय काढलं ते बघा. काय काढलं यावरूनच संगीतकार जास्त कळतो असं माझं मत.

अ‍ॅपबद्दल एवढंच की ते तुम्ही काय ऐकलंत ते मोजतं आणि त्यासारखं देतं. किशोरनंतर किशोर येणारच. माणूस असं करत नाही, तो नाझियाला इथिओपियाच्या बँडबरोबर एका यादीत बसवतो कारण त्याच्या डोक्यात त्या दोघांना जोडणारं काहीतरी वाजत असतं, आणि ते काय असेल याचा अंदाज बांधत ऐकण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत.

प्रश्न : नवऱ्याला अशी परदेशी मिक्स गाणी लावायची सवय लागलीय. मी दहा वर्षं गाणं शिकले, पण शब्द कळत नसतील तर भाव कसा पोचणार? मला ते नुसतं मागे चाललेलं वाटतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही गाणं शिकलात म्हणजे तुमच्याकडे शब्दांपेक्षा मोठी किल्ली आहे. तराण्यात शब्दांना अर्थ कुठे असतो, तरी आपण डोलतोच ना. वर ज्या सीडीबद्दल लिहिलंय तिच्यात इथिओपियाच्या रोहा बँडचं एक गाणं आहे, तिथून इथिओपियाच्या संगीतात शिरा असं मी तुम्हाला मुद्दाम सांगेन. तिकडे तिझिता नावाचा प्रकार आहे, शब्दाचा अर्थ आठवण, हुरहूर असा काहीसा, आणि त्याच नावाचा स्वरसमूहही आहे. त्याच्या एका प्रकारात सूर कोणते तर सा रे ग प ध. म आणि नि वर्ज्य. आपल्या भूप रागाचेच पाच सूर! पण चलन आपलं नाही, लय वेगळी, आवाज लावायची पद्धत वेगळी, आणि त्यातून उभा राहणारा भाव भूपासारखा शांत नाही, काहीतरी मागे राहून गेल्यासारखा आहे. हे तुम्हाला दोन मिनिटांत जाणवेल, न शिकलेल्याला कदाचित वर्ष लागेल.

आवडलं तर ‘इथिओपिक्स’ नावाची फ्रेंच मालिका शोधा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली. ती संगीतकाराने नाही तर फ्रान्सिस फालसेतो नावाच्या अभ्यासकाने केलीय, त्यामुळे ती नीट लावलेल्या कपाटासारखी आहे, एकेक कलाकार, एकेक काळ. चौथा भाग मुलातू अस्तात्केचा, त्यात गाणं नाहीच, नुसतं वादन, तिथून सुरुवात करा. संगीतकाराची यादी दार उघडते आणि अभ्यासकाची यादी आतल्या खोल्या दाखवते, दोन्ही लागतात, पण आधी दार.

प्रश्न : अशा कंपायलेशनमधली काही गाणी अ‍ॅपवर करड्या रंगात दिसतात, वाजतच नाहीत. माझ्या फोनचा प्रॉब्लेम आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, फोन ठीक आहे. अशा यादीतलं प्रत्येक गाणं वेगळ्या मालकाचं असतं आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती अमुक वर्षांसाठी आणि अमुक देशांसाठी मिळते, कधी फक्त सीडी-रेकॉर्डसाठी मिळते आणि स्ट्रीमिंगसाठी नाही. मुदत संपली की गाणं गळतं. तेच गाणं त्या कलाकाराच्या मूळ अल्बममध्ये शोधा, बरेचदा तिथे वाजतं. आणि जी सीडी मनापासून आवडली ती मिळत असेल तेव्हाच घेऊन ठेवा, अशा गोष्टी परत छापायच्या म्हणजे सगळ्या परवानग्या पुन्हा.

प्रश्न : आपल्याकडे असं काही नव्हतंच का? सगळं इंग्लंड-अमेरिकेचंच का सांगता?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होतं की, आणि घराघरात होतं! विविध भारती १९५७ ला सुरू झाली, तिच्यावर फौजी भाइयोंसाठी ‘जयमाला’ लागायचं आणि शनिवारच्या विशेष जयमालात सिनेमातलं कुणीतरी येऊन स्वतः गाणी निवडून लावायचं, मध्ये मध्ये बोलायचं. मदन मोहन, आर. डी. बर्मन यांचे कार्यक्रम आजही ऐकायला मिळतात. बरेच जण स्वतःच्याच रचना जास्त लावायचे हे खरं, पण एखादा संगीतकार दुसऱ्याचं गाणं लावून त्यात आपल्याला काय आवडतं ते सांगायचा ती दोन मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण तेवढ्या वेळात त्याचा कान दिसायचा. फक्त ते हवेत विरून जायचं, हातात वस्तू यायची नाही. आपल्याकडे कॅसेट कंपन्यांनी संकलनं ढिगाने काढली पण ती गायकाच्या नाहीतर मूडच्या नावाने, दर्दभरे नगमे, पावसाची गाणी, निवडलं कुणी ते कव्हरवर नसायचं. मला ते नाव हवं असतं.

तर कोल्हापुरात आहात, देवल क्लबच्या गावात, एक करून बघा. तुमच्या ओळखीत कुणी तबलजी असेल, पेटीवाला असेल, ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं गिटार वाजवणारा असेल, त्याला विचारा की दादा, कार्यक्रम आटोपून रात्री घरी गेल्यावर तुम्ही काय ऐकता, दहा गाणी लिहून द्या. आधी लाजतील, मग देतील. मी एका तबलजींना असंच विचारलं तर त्यांच्या यादीत तबल्याचं एकही नव्हतं, तीन गाणी अरबी होती, आणि त्यातलं दुसरं मी अजून रोज ऐकतो. तुमची यादी आली की आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.