खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिले मासे कोणते?

प्रश्न : चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी लावतो आहे. दुकानदाराने दोन क्लाउनफिश, चार डॅमसेल, एक ब्लू टँग आणि एक मँडरिन सुचवले आहेत. हे एकत्र नांदतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : या यादीतले फक्त क्लाउनफिश घ्या.

डॅमसेल स्वस्त आणि काटक, म्हणून नवख्याच्या गळ्यात आधी तेच पडतात. पण तीन पट्ट्यांचा किंवा डॉमिनो डॅमसेल वाढू लागला की टाकीवर हक्क सांगतो आणि नंतर आलेल्या माशांचे पर कुरतडतो. मग त्याला पकडायचं तर सगळे दगड उपसावे लागतात. ब्लू टँग दुकानात बोटभर दिसतो, पण पूर्ण वाढलेला फूटभर होतो. त्याला निदान सहा फुटी टाकी हवी. मँडरिनचं दुःख वेगळंच. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि तयार खाद्याला बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत. तो हळूहळू उपासमारीने मरतो. नव्या टाकीसाठी तो विकूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दगड-वाळू वगळता तुमच्या टाकीत साधारण 200 लिटर पाणी राहील. त्यात पाच छोटे मासे सुखाने राहतात : ओसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक पिवळा वॉचमन गोबी आणि एक बंगाई कार्डिनल. प्रत्येकाची जागा निराळी, म्हणून भांडणाला कारण कमी. गोबी तळाशी बिळात असतो, फायरफिश बिळावर तरंगतो, कार्डिनल मधल्या पाण्यात थांबतो. गोबीसोबत पिस्तूल कोळंबी ठेवलीत तर ती बीळ खणते आणि गोबी पहारा देतो. मात्र दगड आधी काचेच्या तळावर टेकवा, मग भोवती चार-पाच सेंटिमीटर वाळू घाला. वाळूवर रचलेला ढीग खणण्याने ढासळतो.

क्लाउन दोन्ही लहान, पण आकाराने असमान घ्या. मोठा मासा मादी होतो, लहान नर राहतो. तिसरा आणू नका, त्याचा छळ होतो. शक्यतो टाकीत पैदास झालेले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे विकसित केलं आहे. क्लाउन ज्यात राहतो त्या ॲनिमोनची (समुद्रफुलाची) गरज नाही.

रॉयल ग्रामा या माशाचा मोह झाला तर नीट पाहा. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असाच डॉटीबॅकही दिसतो, आणि तो भांडकुदळ असतो. ग्रामाचे रंग एकमेकांत मिसळत जातात, डॉटीबॅकचे रेघ ओढल्यासारखे तुटतात.

आता क्रम. टाकी आधी माशांविना चार ते सहा आठवडे चालवा. अमोनिया पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून बाटलीतला अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (लिटरला 2 मिलिग्रॅम) घाला. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. क्षारता (पाण्याचा खारेपणा) विशिष्ट गुरुत्वात 1.025, तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस. ठाण्याच्या उन्हाळ्यात पाणी थंड करणारा चिलर लागेलच. पहिल्यांदा फायरफिश आणि गोबी, दोन-तीन आठवड्यांनी कार्डिनल, क्लाउन सर्वांत शेवटी, कारण आधी आलेला क्लाउन जागा अडवतो. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं तांब्याचं औषध तिथेच द्या. मुख्य टाकीत ते कोळंबीला मारतं. वर बारीक जाळीचं झाकण हवंच, घाबरलेला फायरफिश उडी मारतो.

प्रश्न : आटलेलं पाणी समुद्राच्या पाण्याने भरून काढलं तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. वरून खारं पाणी ओतत राहिलात तर क्षारता चढत जाते. रोजची भरपाई साध्या आरओ पाण्याने करा. पाणी बदलतानाच मिठाचं पाणी वापरा, लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. किनाऱ्यावरचं पाणी पावसाळ्यात नद्यांमुळे गोडं होतं आणि सांडपाणी, तेलही सोबत आणतं.