शत्रूही माणूस म्हणून दाखवणारा 'ला ग्रांद इल्युझियों' : लढाई नसलेला हा युद्धपट पाहावा का, आणि कोणती प्रत पाहावी?

तुमचा प्रश्न असा : दोन्ही बाजूंचे सैनिक माणूस म्हणून दाखवणारा जुना चित्रपट हवा आहे, सगळे 'ला ग्रांद इल्युझियों' सुचवतात, पण त्यात लढाईच नाही असं कळलं, तरी पाहावा का, आणि प्रत कोणती निवडावी?

जरूर पाहा. फक्त कान उघडे ठेवून पाहा, कारण या चित्रपटात कोण कुणाचा हे गणवेशावरून कमी आणि बोलण्यावरून जास्त कळतं.

ज्याँ रन्वार यांचा हा १९३७ सालचा फ्रेंच चित्रपट. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत सापडलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची गोष्ट. रन्वार स्वतः त्या युद्धात होते : आधी घोडदळात, मग पायाला गोळी लागल्यावर टेहळणी विमानांवर. मुख्य भूमिकेतल्या ज्याँ गाबाँ यांच्या अंगावर दिसणारा वैमानिकाचा कोट रन्वार यांचाच आहे.

लढाई नाही हे खरंच. विमान पाडलं जातं तेसुद्धा पडद्यावर दिसत नाही. फ्रेंच मेसमध्ये लेफ्टनंट मारेशाल (गाबाँ) ग्रामोफोनवर वाकून गाणं ऐकत असतो, त्याला कॅप्टन ब्वाल्द्यूबरोबर टेहळणीला जायचा निरोप येतो, आणि थोड्याच वेळात आपण थेट जर्मन मेसमध्ये असतो. तिथेही ग्रामोफोन, तिथेही बार, तिथेही थट्टामस्करी. विमान पाडणारा राउफेनश्टाइन (एरिक फॉन श्ट्रोहाइम) या दोघांना सन्मानाने जेवायला बसवतो. पुढे काय येणार याची किल्ली याच टेबलावर आहे. मारेशालचा हात जखमी आहे, म्हणून शेजारचा जर्मन त्याला मांस कापून देतो. तो युद्धाआधी फ्रान्समध्ये ल्यों शहरात कामाला होता आणि मारेशालसारखाच मेकॅनिक आहे. त्याच टेबलावर राउफेनश्टाइनला कळतं की ब्वाल्द्यूचा चुलतभाऊ त्याच्या ओळखीचा आहे. मेकॅनिकला मेकॅनिक भेटला, सरदाराला सरदार. सीमारेषा मध्ये आहेच, पण माणसं तिला आडवी छेद देऊन एकमेकांना ओळखतात. माझ्या मते पुढचा सगळा चित्रपट या एका जेवणाचा विस्तार आहे.

आता भाषेकडे या. यात फ्रेंच, जर्मन, इंग्रजी आणि थोडी रशियन बोलली जाते. ब्वाल्द्यू आणि राउफेनश्टाइन खासगी बोलायचं असलं की मध्येच इंग्रजीत शिरतात. आसपासच्या इतरांना आपोआप बाहेर ठेवलं जातं. उलट पहिल्या छावणीत फ्रेंच कैद्यांनी रात्री-रात्री खणून भुयार तयार केलेलं असतं, आत गेलेल्याचा जीव गुदमरला तर कळावं म्हणून दोरीला डबा बांधलेला, माती कपड्यांत लपवून बागेत रिकामी केलेली. आणि ऐन वेळी त्यांची बदली होते. मारेशाल आत येणाऱ्या इंग्रज कैद्याला भुयाराबद्दल सांगायची धडपड करतो, पण त्या इंग्रजाला फ्रेंच येत नाही. मित्रपक्षाचे असूनही दोघांत संवाद नाही, आणि शत्रूशी मात्र मनमोकळ्या गप्पा.

म्हणूनच प्रत निवडताना सर्वांत मोठी चूक म्हणजे डब केलेली प्रत घेणं. सगळे एकाच भाषेत बोलू लागले की भुयाराचा हा प्रसंग निरर्थक होतो. सबटायटल असलेलीच घ्या. काही सबटायटलांत भाषा बदलल्याची खूण नसते. तेव्हा वाचता वाचता आवाजाकडे लक्ष ठेवा.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे लांबी. पूर्ण चित्रपट साधारण ११४ मिनिटांचा आहे. युरोपीय डीव्हीडीवर तो सुमारे १०९ मिनिटांचा दिसला तर घाबरू नका. तिथे सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, काही कापलेलं नसतं. त्याहून बराच आखूड असेल तर मात्र सोडून द्या, कारण १९४६ साली हा चित्रपट काटछाट करून पुन्हा प्रदर्शित झाला होता. मूळ निगेटिव्हचा प्रवास तर विलक्षण आहे : जर्मनांनी ती पॅरिसहून बर्लिनला नेली, १९४५ नंतर ती मॉस्कोला गेली, १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये तुलूझच्या चित्रपट-संग्रहालयात परत आली, आणि तिथे ती मूळ निगेटिव्ह आहे हे ओळखायला आणखी कित्येक वर्षं गेली. तिच्यावरून केलेली २०१२ ची पुनर्संचयित आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. राउफेनश्टाइनच्या खोलीतल्या एकेका वस्तूवरून सरकणारा कॅमेरा अस्पष्ट प्रतीत वाया जातो.

पहिल्यांदा पाहणारे हमखास अडखळतात ते कैद्यांच्या ऐषारामावर. डबाबंद खाद्यपदार्थ, नाटकाचे कपडे, कामाचा पत्ता नाही! १९०७ च्या हेग करारानुसार कैदी अधिकाऱ्यांकडून मजुरी करून घेता येत नसे, आणि घरून पार्सलं येत. ब्रिटिश नौदलाने नाकेबंदी केल्यामुळे जर्मनीत अन्नटंचाई होती, त्यामुळे कैदी पहारेकऱ्यांपेक्षा चांगलं जेवतात यात अतिशयोक्ती नाही. तसंच दुओमाँ किल्ल्याची बातमी आधी जर्मनांना नाचवते, मग फ्रेंचांना, मग पुन्हा जर्मनांना. वर्दंच्या लढाईतला हा किल्ला जर्मनांनी २५ फेब्रुवारी १९१६ रोजी घेतला, मे महिन्यात फ्रेंच तिथे शिरले पण दोनच दिवसांत मागे हटवले गेले, आणि अखेर २४ ऑक्टोबरला त्यांनी तो परत मिळवला. एवढं ठाऊक असलं की कैद्यांच्या नाटकाच्या प्रयोगात मध्येच सुरू होणाऱ्या फ्रेंच राष्ट्रगीताने आपण भारावतो, आणि त्या आनंदाचं आयुष्य किती थोडं आहे हेही जाणवतं.

हा चित्रपट भाबडा आहे असा आक्षेप घेतात. मला तो पटत नाही. मारेशाल रागाच्या भरात आपल्याच ज्यू सोबत्याला, रोझेनतालला, जे ऐकवतो ते ऐका. पूर्वग्रह फक्त समोरच्या बाजूला असतात असं रन्वार म्हणत नाहीत. नाझी जर्मनीचा प्रचारमंत्री गोबेल्सने या चित्रपटावर बंदी घातली ती उगाच नव्हे. दुसऱ्या छावणीतला कृष्णवर्णीय कैदी आपलं चित्र कौतुकाने दाखवतो, तर कुणी धड बघतही नाही. प्रसंग काही सेकंदांचा आहे, निसटू देऊ नका.

खरी उणीव वेगळी आहे : छावण्या अधिकाऱ्यांच्या आहेत, साधा शिपाई जवळजवळ नाहीच. शेवटच्या भागात जर्मन शेतकरी विधवा एल्सा आपल्या घरातली कोणती माणसं कोणत्या लढाईत गेली ते सांगते, तेवढाच त्याचा वावर. ती उणीव भासली तर लुइस माइलस्टोन यांचा १९३० चा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आधी पाहा. त्यात तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एक जर्मन शिपाई आपणच भोसकलेल्या फ्रेंच शिपायाशेजारी अडकून पडतो. तो पाहून मग राउफेनश्टाइनच्या टेबलावर या, म्हणजे तिथलं सौजन्य कुणाला परवडत होतं ते लगेच ध्यानात येईल.