घुबडाची झालर पंख्याच्या पात्याला

प्रश्न : येऊरच्या पायथ्याशी आमच्या गच्चीवरून गव्हाणी घुबड जातं, पण चाहूल लागत नाही. त्याच्या पंखासारखी दातेरी पुठ्ठ्याची पट्टी टेबलफॅनच्या पात्यांना चिकटवली, तर उलट शीळ येऊ लागली. असं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पुठ्ठा जाड आहे, म्हणून. बोथट कडेमागे भोवरे ठरावीक तालात सुटतात, तीच शीळ. घुबडाच्या पंखात तीन गोष्टी असतात, हे ब्रिटिश अभ्यासक ग्रॅहम यांनी १९३४ साली मांडलं : पुढच्या कडेला कंगवा, मागे मऊ झालर आणि वर मखमली लव. शिवाय ते उडतंही सावकाश, आणि खरी मेख इथेच आहे. मागच्या कडेचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घातानं वाढतो. म्हणजे पंख्याचा वेग २० टक्के उतरवला की हा आवाज जवळपास ५ डेसिबल कमी.

तरी करून बघायचंच असेल, तर अर्धा मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक घ्या. दाते रुंदीच्या दुप्पट लांब, फक्त मागच्या कडेला, पात्याच्याच वळणात. वाकडे बसले तर बारीक फुसफुस वाढते. सगळ्या पट्ट्या सारख्या वजनाच्या हव्यात, नाहीतर पंखा थरथरेल. जाळी काढून चालवू नका, पट्टी सुटली की डोळ्यातच जायची. मोटरची घरघर मात्र यानं जाणार नाही.