दुधाबरोबरची गोळी

*"यजमानांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. सकाळी बरे हिंडतात, पण दुपारी कुठे निघायचं म्हटलं की दारातच उभे राहतात. पुतण्याच्या मुंजीत भर पंगतीतून उठेनात. जाऊबाई म्हणाल्या, सोंगं आहेत. गोळ्या मी स्वतः वेळेवर देते, पोटाला बाधू नयेत म्हणून दुधाबरोबर नाहीतर जेवताना. त्यांचा हेकटपणा कसा घालवू?"* – एक वाचक, सातारा

ताई, हेकटपणाचं राहू द्या. दूध कुणी सांगितलं?

पार्किन्सन्सच्या गोळीत बहुधा लेव्होडोपा हे हालचाल सुधारणारं औषध असतं. ते लहान आतड्यातून रक्तात जातं आणि दूध-डाळीतली प्रथिनं पचली की त्यांचे घटकही त्याच वाटेने आत शिरतात. त्या गर्दीत गोळी मागे पडते. त्यात या आजाराने जठर मंदावतं, भरल्या पोटी गोळी तिथेच रेंगाळते. बद्धकोष्ठही असणार, तुम्ही लिहिलं नाहीत इतकंच. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी ते सुरू झालेलं असू शकतं.

आता तुमची दुपार बघा. वरण-भात, वाटीभर दही आणि त्यातच गोळी. तासाभराने माणूस उंबरठ्याशी, अंग पुढे झुकलेलं, पाय फरशीला चिकटलेले, आणि मागून तुम्ही, "अहो, चला ना!" अशा घाईने पाय आणखीच अडतात. दोन गोळ्यांच्या मध्ये असर ओसरतो म्हणूनही असं होतं. ते डॉक्टर बघतील. दूध मात्र तुमच्या हातात आहे.

तुम्ही दमला आहात, तेही वाचलं. आज त्यावर बोलणार नाही.

उद्या सकाळी मेंदूविकारतज्ज्ञांना फोन करा आणि गोळी कशाबरोबर देता ते जसंच्या तसं सांगा. साधारणपणे ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर द्यायला सांगतात. मळमळत असेल तर सोबत कोरडं बिस्किट चालेल का, विचारा. मात्रा आपल्या मनाने वाढवायची नाही, गोळी एकदम बंद तर मुळीच करायची नाही. दूध-डाळही तोडू नका, या आजारात वजन उतरतं. रात्रीच्या जेवणात सरकवता येईल का, तेही त्यांनाच विचारा.

जाऊबाईंना काय सांगायचं ते सावकाश सांगा. आधी यजमानांना सांगा की ते सोंग नव्हतं. इतके दिवस त्यांनी ते मुकाट ऐकून घेतलंय.